पॅकेज आपलं आपणच लिहायचं

गेल्या अंकात मी स्कूपबद्दल लिहिलं होतं. विंडोजवर अ‍ॅडमिन पासवर्ड न मागता प्रत्येक प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणून ठेवणारं हे मोफत साधन. ल्यूक सॅम्पसन यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं, आता गिटहब या प्रोग्रामांचा मजकूर साठवायच्या संकेतस्थळावर बरेच जण मिळून सांभाळतात. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: स्कूपच्या तयार यादीत नसलेली गोष्ट बसवायची असेल तर पॅकेज आपलं आपण कसं लिहायचं? म्हणून हा महिना त्यालाच दिला आहे. फाइलमधले शब्द आणि आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

ताई, आमचं तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या मासिकांचे अंक स्कॅन करून त्यांतला मजकूर टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं काढायचं काम सुरू केलंय. सगळ्या संगणकांवर स्कूप आहे, टेसरॅक्टही त्यातूनच घेतलं. मराठीची फाइल मात्र पेन ड्राइव्हवरून प्रत्येक संगणकावर हातानं टाकली. आता एकच पान दोन संगणकांवर चालवलं तर मजकूर वेगवेगळा निघतो. सगळ्या भाषांचं तयार पॅकेज घ्यायचं तर इंटरनेट मंद आहे. फक्त मराठीपुरतं पॅकेज करता येईल का? मला प्रोग्रामिंग येत नाही.
— ग्रंथालय सहायक, सातारा जिल्हा

दादा, करता येईल, आणि त्याला प्रोग्रामिंग लागत नाही. पण आधी दोन संगणकांवर दोन मजकूर का निघतात ते बघू, कारण खरं दुखणं तिथे आहे.

टेसरॅक्टच्या भाषाफाइली तीन संचांत मिळतात. एक साधा टेसडेटा, दुसरा टेसडेटा-फास्ट, तिसरा टेसडेटा-बेस्ट. फास्ट भराभर चालतो, बेस्ट सावकाश चालतो पण अक्षर जास्त नीट ओळखतो. अडचण अशी की तिन्ही संचांत मराठीच्या फाइलचं नाव एकच आहे: 'मार', टिंब, 'ट्रेनडडेटा'. तुमच्याकडे कुणी एका संगणकावर फास्टमधली फाइल टाकली असणार, कुणी दुसऱ्यावर बेस्टमधली. नावावरून ते ओळखू येणार नाही. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा दोन्ही संगणकांवरच्या फाइलींवर चालवा. चौसष्ट अक्षरांची एक ओळ येईल. दोन्हीकडे ती ओळ सारखी नसेल तर फाइली वेगळ्या आहेत.

पॅकेज लिहायचं ते एवढ्यासाठीच. कोणत्या संगणकावर कुणी काय टाकलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि राहिलं तरी तो माणूस बदली होऊन जातो. स्कूपमध्ये पॅकेज म्हणजे मजकुराची एक छोटी फाइल असते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. मूळ प्रोग्राम तिच्यात नसतो. काय आणायचं, कुठून आणायचं, आणलेली वस्तू तीच आहे हे कसं ओळखायचं आणि आणल्यावर काय करायचं, एवढं तिच्यात लिहिलेलं असतं. नोटपॅडमध्ये लिहिता येते. जेसन या पद्धतीनं लिहायची, म्हणजे डावीकडे अवतरण चिन्हांत शब्द, मग विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह (:), उजवीकडे त्याची किंमत, ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, आणि सगळं महिरपी कंसांत. शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम द्यायचा नाही. विंडोजच्या नेहमीच्या पॉवरशेलला तो चालत नाही आणि अख्खी फाइल नाकारली जाते.

फाइलचं नाव तेच पॅकेजचं नाव. आपण 'टेस-मराठी' ठेवू.

पहिल्या ओळी सोप्या आहेत: 'व्हर्जन', 'डिस्क्रिप्शन', 'होमपेज', 'लायसन्स'. आवृत्ती ४.१.० लिहा, कारण टेसडेटाच्या गिटहबवरच्या साठ्यात त्या नावाचा टॅग, म्हणजे फाइलींच्या एका ठराविक स्थितीला दिलेलं नाव, आहे. परवाना अपाची २.०. पाचवी ओळ 'डिपेंड्स', तिच्यासमोर 'टेसरॅक्ट'. त्यामुळे नव्या संगणकावर कुणी नुसतं तुमचं पॅकेज मागितलं तरी स्कूप आधी टेसरॅक्ट बसवील, मग तुमच्या फाइली.

'यूआरएल' या ओळीवर मात्र थांबा. गिटहबवर फाइल उघडली की वर पत्ता दिसतो तो बहुधा 'मेन' या शाखेचा असतो. शाखा म्हणजे चालतं काम, तिथली फाइल उद्या बदलू शकते. पत्त्यातल्या 'मेन'च्या जागी टॅगचं नाव घाला आणि फाइलचा थेट डाउनलोडचा पत्ता, म्हणजे 'रॉ' म्हणतात तो, घ्या. संच कोणता? तुमचं काम जुन्या छपाईचं आहे आणि प्रत्येक पान एकदाच काढायचं आहे, तेव्हा बेस्ट घ्या. संगणकाला जास्त वेळ लागला तर लागू द्या. तो वेळ यंत्राचा जातो. चुका शोधत बसायचा वेळ तुमचा जाईल.

मराठीच्या जोडीला इंग्रजीची फाइलही घ्या. जुन्या अंकांत जाहिराती असतात, त्यांत रोमन अक्षरं येतात, आणि नुसती मराठी दिली तर टेसरॅक्ट त्या अक्षरांचीही देवनागरी करायला बघतं. म्हणजे यूआरएल दोन झाले. ते चौकटी कंसांत एकाखाली एक लिहा. 'हॅश', म्हणजे 'गेट-फाइलहॅश'नं येणारी ती चौसष्ट अक्षरांची ओळ, याही दोन, आणि त्याच क्रमानं. क्रम उलटला तर दोन्ही फाइली बरोबर असूनही स्कूप त्या नाकारेल.

आता आज्ञा. बरेच जण भाषाफाइलींचा पत्ता टेसरॅक्टला कळावा म्हणून विंडोजमध्ये एक कायमचा व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना दिसणारी नोंद, ठेवतात. मला ते पटत नाही. दुसऱ्या एखाद्या पॅकेजनं तोच व्हेरिएबल बदलला तर तुमचं काम न सांगता बिघडतं. त्यापेक्षा पॅकेजमध्येच दोन ओळींची एक सीएमडी फाइल, म्हणजे आज्ञा लिहून ठेवलेली फाइल, तयार करून घ्या. मॅनिफेस्टमध्ये 'प्री-इन्स्टॉल' नावाची ओळ असते (फाइलमध्ये आडव्या रेघेऐवजी खालची रेघ), तिच्यात लिहिलेल्या पॉवरशेलच्या आज्ञा स्कूप बसवताना चालवतो. तिथे 'सेट-कंटेंट' वापरून 'मराठी-ओसीआर' या नावाची सीएमडी फाइल लिहवून घ्यायची. त्या फाइलीत टेसरॅक्टला हाक मारायची, 'टेसडेटा-डिर' या पर्यायात याच फोल्डरचा पत्ता द्यायचा, भाषा म्हणून 'मार', अधिकचं चिन्ह, 'इंग' द्यायचं, आणि बाकी वापरणाऱ्यानं जे टाइप केलं असेल ते शेवटी जसंच्या तसं जोडायचं. मग 'बिन' या ओळीत त्या सीएमडी फाइलचं नाव लिहा. स्कूप तिच्यासाठी आपल्या 'शिम्स' फोल्डरमध्ये एक छोटा प्रवेश करून ठेवतो. त्यानंतर कुठल्याही फोल्डरमधून 'मराठी-ओसीआर', पानाचं नाव, निकालाचं नाव एवढं टाइप केलं की झालं.

एक बारकावा हमखास अडवतो. तुम्हाला नुसता मजकूर नको असेल, शोधता येणारी पीडीएफ हवी असेल, तर टेसरॅक्ट भाषाफाइलींच्याच फोल्डरमध्ये 'कॉन्फिग्ज' नावाचा उपफोल्डर आणि 'पीडीएफ' नावाची फॉन्टफाइल शोधतं. आपण फोल्डर बदलला, त्यामुळे ती तिथे नसतात आणि पीडीएफ तयार होत नाही. मजकूर मात्र नीट निघत असतो, म्हणून कारण लवकर लक्षात येत नाही. प्री-इन्स्टॉलमध्ये अजून दोन ओळी लिहून त्या दोन्ही वस्तू टेसरॅक्टच्या स्वतःच्या टेसडेटा फोल्डरमधून नकलून घ्या. पत्ता लिहिताना आवृत्तीचा आकडा न घालता 'करंट' हा फोल्डर लिहा. स्कूप प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि 'करंट' नेहमी चालू आवृत्तीकडे नेतो. आणि जेसनमध्ये पत्त्यातली प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा लिहावी लागते, हे ध्यानात असू द्या.

झालं पॅकेज. आता 'स्कूप इन्स्टॉल' लिहून पुढे त्या फाइलचा पत्ता द्या आणि बसवून बघा. मग काढून टाका, पुन्हा बसवा. ज्या संगणकावर आजवर काहीच टाकलेलं नाही अशावर बसवून बघितल्याशिवाय पॅकेज पुरं झालं असं मी मानत नाही. तुमच्या रोजच्या संगणकावर हातानं टाकलेल्या फाइली असतात, त्यांच्या जिवावर अर्धवट पॅकेजही चालून जातं.

सगळ्या संगणकांसाठी गिटहबवर एक साठा उघडा, त्यात 'बकेट' नावाचा फोल्डर करा आणि मॅनिफेस्ट त्यात ठेवा. स्कूपच्या मंडळींनी यासाठी कोरा नमुनाही ठेवला आहे, तो नकलून घेतला की मांडणी तयार मिळते. प्रत्येक संगणकावर एकदाच 'स्कूप बकेट अ‍ॅड', पुढे तुम्ही ठरवाल ते नाव आणि साठ्याचा पत्ता. त्यासाठी गिट लागतं, तेही स्कूपमधूनच बसवा. पुढे मॅनिफेस्टमध्ये काहीही दुरुस्त केलंत तर आवृत्तीचा आकडाही वाढवा, ४.१.० चं ४.१.०.१ करा. आकडा तोच राहिला तर बाकीच्या संगणकांना काही बदललंय हे कळणार नाही आणि पुन्हा दोन संगणक, दोन मजकूर.

संगणकाचं वापरकर्त्याचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर स्कूप तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये न बसवता सरळ डी ड्राइव्हवर रोमन नावाच्या फोल्डरमध्ये बसवा. अनेक कमांड-लाइन प्रोग्राम देवनागरी पत्त्यावर अडखळतात. मॅनिफेस्टमधल्या 'नोट्स', म्हणजे बसवल्यावर दिसणाऱ्या सूचना, त्याही रोमन लिपीतच लिहा, कारण जुन्या काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात. मराठीच्या वाचनालयाला मी हे सांगतेय याचं मलाच वाईट वाटतं, पण आज वस्तुस्थिती ही आहे.

आणि निघालेल्या मजकुरात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द मुद्दाम शोधून तपासा. हा 'ऱ्य' जुन्या खिळ्यांच्या छपाईत फार बारीक उमटलेला असतो. तुमच्या हातातले अंक कदाचित दुसरीकडे कुठे उरलेही नसतील. काम सावकाश होऊ द्या, पण नीट करा.

मॅडम, कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतः लिहिलेलं पॅकेज बसवताना 'हॅश चेक फेल्ड' येतं. घरी तेच पॅकेज नीट बसतं. हॅश न तपासता पुढे जायचा पर्याय आहे असं मित्र म्हणाला. वापरू का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

नको. पर्याय आहे, पण वापरू नकोस. हॅश हीच तर पॅकेजमधली एकमेव ओळ आहे जी तुला सांगते की लेखकानं तपासलेली फाइल आणि तुझ्या हातात आलेली फाइल एकच आहे. ती गाळलीस तर उरतो फक्त एक पत्ता, आणि त्या पत्त्यावर आज काय ठेवलंय याची खात्री कुणीच देत नाही.

त्यापेक्षा चुकीचा संदेश नीट वाच. त्यात 'फर्स्ट बाइट्स' अशी एक ओळ असते, आणि सगळे ती सोडून देतात. आलेल्या फाइलची पहिली काही अक्षरं तिथे आकड्यांत दिलेली असतात. झिप फाइल असेल तर सुरुवात ५० ४बी अशी होते. विंडोजचा प्रोग्राम असेल तर ४डी ५ए. आणि सुरुवात ३सी नं होत असेल तर ते 'लहान' दाखवणारं टोकदार चिन्ह आहे, म्हणजे फाइलच्या जागी एखादं वेबपान उतरलंय. तुझ्या बाबतीत बहुतेक हेच असणार. कॉलेजच्या नेटवर्कवर आधी लॉगिन करावं लागतं. ते केलं नसेल तर कोणताही पत्ता मागितला तरी लॉगिनचं पान हातात येतं. ब्राउझरमध्ये लॉगिन कर आणि पुन्हा बसव.

सुरुवात बरोबर असेल आणि तरी हॅश जुळत नसेल तर गोष्ट वेगळी. कधीकधी प्रोग्राम करणारे आवृत्तीचा आकडा तोच ठेवून फाइल गुपचूप बदलतात. अशा वेळी त्यांच्या संकेतस्थळावर नवा हॅश छापलाय का बघ, दुसऱ्या नेटवर्कवरून फाइल उतरवून तिचा हॅश काढ, दोन्ही जुळले तरच मॅनिफेस्टमध्ये नवी ओळ लिही. आपल्याच डाउनलोडचा हॅश काढून तोच डोळे झाकून चिकटवणं म्हणजे न तपासण्यासारखंच आहे.

आमच्या कार्यालयात नोंदी ठेवायचा एक छोटा पोर्टेबल प्रोग्राम आहे. त्याचं पॅकेज मी केलं, छान चालतं. पण नवी आवृत्ती आली की सगळी सेटिंग पहिल्यासारखी होते. मॅनिफेस्टमध्ये 'पर्सिस्ट' लिहूनही फरक नाही, उलट आता प्रोग्राम सुरूच होत नाही.
— कार्यालयीन सहायक, इचलकरंजी

तुम्ही योग्य शब्द वापरलात, अडचण पुढे आहे. नवी आवृत्ती म्हणजे नवा फोल्डर, त्यामुळे प्रोग्रामशेजारी ठेवलेली सेटिंगची फाइल जुन्या फोल्डरमध्येच राहून जाते. 'पर्सिस्ट'मध्ये नाव लिहिलं की स्कूप ती वस्तू आपल्या 'पर्सिस्ट' फोल्डरमध्ये हलवतो आणि प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये तिचा दुवा ठेवतो. आवृत्ती बदलली की नवा दुवा, वस्तू तीच. प्रोग्राम काढून टाकला तरी ती राहते; मुद्दाम 'पर्ज' सांगितलं तरच जाते.

आता तुमचा प्रोग्राम सुरू का होत नाही? मला वाटतं तुम्ही सेटिंगच्या आयएनआय फाइलचं नाव लिहिलं, पण ती फाइल झिपमध्ये नव्हतीच. ती प्रोग्राम पहिल्यांदा चालवल्यावर तयार होते. स्कूपला नाव दिलं आणि त्या नावाचं काहीच सापडलं नाही, तर तो फोल्डर हवाय असं समजतो आणि त्या नावाचा फोल्डर तयार करतो. आपल्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाऊन बघा, आयएनआय नावाची वस्तू फाइल आहे की पिवळा फोल्डर. फोल्डर असेल तर प्रोग्राम त्यात लिहू शकत नाही आणि तिथेच बसतो.

उपाय: प्री-इन्स्टॉलमध्ये एक ओळ लिहा, पर्सिस्टच्या फोल्डरमध्ये ती फाइल नसेल तर रिकामी फाइल तयार कर अशा अर्थाची. 'नसेल तर' हे शब्द विसरायचे नाहीत, नाहीतर दर आवृत्तीला तुमची सेटिंग रिकाम्या फाइलनं झाकली जाईल. चुकून झालेला फोल्डर आधी पर्सिस्टमधून पुसून टाका.

एवढं करूनही सेटिंग टिकली नाही तर कारण जरा खोल आहे. एकट्या फाइलसाठी स्कूप हार्ड लिंक वापरतो, म्हणजे एकाच फाइलला दोन ठिकाणी नाव. काही प्रोग्राम सेव्ह करताना जुनी फाइल पुसतात आणि त्याच नावानं नवी लिहितात. त्या क्षणी दोन नावांचा संबंध तुटतो, पर्सिस्टमध्ये जुनीच फाइल राहते. फोल्डरचा दुवा असा तुटत नाही. म्हणून प्रोग्रामला सेटिंग एखाद्या उपफोल्डरमध्ये ठेवायला सांगता येत असेल तर तसं सांगा आणि अख्खा उपफोल्डर पर्सिस्ट करा. तशी सोय नसेल तर मॅनिफेस्टमध्ये 'प्री-अनइन्स्टॉल'ची ओळ लिहून जुनी आवृत्ती निघण्याआधी चालू फाइल पर्सिस्टमध्ये नकलून ठेवा. ओबडधोबड आहे, पण चालतं.

ज्या फाइलीत माणसांच्या नोंदी आहेत तिची वेगळी प्रत दर आठवड्याला काढत जा. पर्सिस्ट हा बॅकअप नाही.

ताई, शाळेच्या प्रश्नपत्रिका आम्ही मुक्त फॉन्टमध्ये करतो. फॉन्ट पॅकेजमधून बसवता येतो का? लॅबचा अ‍ॅडमिन पासवर्ड आमच्याकडे नाही.
— शिक्षिका, रत्नागिरी

येतो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट एकट्या वापरकर्त्यापुरता, पासवर्डशिवाय बसवता येतो. एक टाइप या मुंबईच्या गटानं केलेला 'मुक्ता' घ्या; मराठीसाठी सुंदर आहे आणि त्याचा ओपन फॉन्ट परवाना अशा वापराला पूर्ण मोकळीक देतो.

पॅकेजमध्ये 'इन्स्टॉलर'खाली 'स्क्रिप्ट' लिहायची. तिनं दोन कामं करायची: फॉन्टची फाइल वापरकर्त्याच्या 'लोकल अ‍ॅपडेटा'मधल्या मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमध्ये नकलायची, आणि रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीच्या, 'करंट यूजर' भागातल्या फॉन्ट्स या जागी फॉन्टचं नाव व फाइलचा पूर्ण पत्ता नोंदवायचा. दुसरं काम राहिलं तर फाइल जागेवर दिसते आणि वर्डमध्ये फॉन्ट दिसत नाही. 'अनइन्स्टॉलर'मध्ये याच दोन गोष्टी उलट्या करा. स्कूपच्या 'नर्ड-फॉन्ट्स' या बकेटमधलं, म्हणजे मॅनिफेस्टच्या साठ्यातलं, कोणतंही मॅनिफेस्ट उघडलंत तर ही स्क्रिप्ट तयार सापडेल, तिथून शिकण्यात काहीच कमीपणा नाही. फॉन्ट काढताना वर्ड बंद ठेवा, वापरात असलेली फाइल विंडोज पुसू देत नाही.

विकत घेतलेल्या फॉन्टचं पॅकेज मात्र करू नका. पॅकेजला फाइलचा पत्ता द्यावा लागतो, आणि पत्ता देण्यासाठी ती फाइल कुठेतरी उघड्यावर ठेवणं म्हणजे दुसऱ्याची मेहनत फुकट वाटणं. मराठीत फॉन्ट करणारी माणसं आधीच थोडी आहेत.

मी सेवा केंद्र चालवतो. अंगठ्याच्या यंत्राचा सेटअप दर वेळी क्लिक करत बसवावा लागतो. त्याचं पॅकेज होईल का? सेटअप फाइलचं पॅकेज होतच नाही असं ऐकलं.
— केंद्रचालक, जालना

ऐकलंत ते अर्धं खरं आहे. पुष्कळ सेटअप फाइली म्हणजे आत बांधलेलं गाठोडं असतं आणि स्कूप ते न चालवता सोडू शकतो. इनो सेटअप या सेटअप बांधायच्या साधनानं बांधलेली असेल तर मॅनिफेस्टमध्ये 'इनोसेटअप' समोर 'ट्रू' लिहिलं की झालं. एनएसआयएस या तशाच दुसऱ्या साधनानं बांधलेली असेल तर यूआरएलच्या शेवटी # हे चिन्ह, तिरकी रेघ आणि 'डीएल' टिंब 'सेव्हन-झेड' जोडा. स्कूप तिला सेव्हन-झिपची फाइल समजून उलगडतो. एमएसआय या विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीची सेटअप फाइल तर तो आपणहूनच उलगडतो. आतला प्रोग्राम स्वतःच्या फोल्डरमध्ये राहूनही चालत असेल तर पॅकेज झालं.

पण तुमच्या यंत्राला ड्रायव्हर लागतो, आणि बहुतेक वेळा मागे सतत चालणारी एक विंडोज सर्व्हिसही. या दोन्ही गोष्टी विंडोजच्या गाभ्यात नोंदवाव्या लागतात आणि त्यासाठी अ‍ॅडमिनचा अधिकार लागतोच. गाठोडं सोडून फाइली फोल्डरमध्ये ठेवल्या तरी यंत्र पेटणार नाही. त्यातून हे लोकांच्या अंगठ्याचं यंत्र. त्याचा सेटअप उत्पादकानं दिला तसाच, त्यांच्याच संकेतस्थळावरून घेऊन, अ‍ॅडमिन खात्यातून बसवा. क्लिक वाचवायचे असतील तर उत्पादकाला विचारा की सेटअपला न विचारता बसायचा पर्याय आहे का. असेल तर तो एका बॅच फाइलमध्ये लिहून ठेवा, शेजारी आवृत्ती आणि हॅशही लिहा. केंद्रातले बाकीचे प्रोग्राम, पीडीएफ वाचणारा, फोटो लहान करणारा, झिप उघडणारा, यांचं काम खुशाल स्कूपवर सोपवा.